एदिल्माच्या मापाचा झगा

आमच्या सांता रीतात एदिल्मा नावाच्या दोन बायका आहेत. एक हाडामांसाची, ती माझ्या दुकानाच्या भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालवते. दुसरी ब्राँझची, ती चौकाच्या मधोमध उभी आहे, अंगावर चिंधी नाही आणि उंची चर्चच्या दाराएवढी. पहिलीचं नाव आईबापांनी ठेवलं. दुसरीचं गावाने ठेवलं, आणि ठेवताना पहिलीला कोणी विचारलं नाही.

मी लिबार्दो, न्हावी. माझं दार चौकात उघडतं, त्यामुळे गावातलं सगळं मला फुकट दिसतं आणि खुर्चीत बसणाऱ्याला मी ते फुकट सांगतो. तुझा वस्तरा बोथट झाला तर जिभेने दाढी कर, असं माझी बायको म्हणते. पण एदिल्माताईंची गोष्ट मी खुर्चीत सांगत नाही. ती ऐकताना लोक हसायला लागतात, आणि मग माझा हात हलतो.

ताई जन्मल्या त्याच अंगाने मोठ्या. त्यांचे वडील उसाचा रस आटवून गूळ करायचे, आणि गावात म्हणायचे की या पोरीला काहिलीत बुडवून काढलीय. पहिल्या कम्युनिअनच्या वर्षी, सात-आठ वर्षांची असताना, चर्चच्या मिरवणुकीत देवदूत व्हायचं म्हणून ती नटून गेली. मुलांना लाकडी चौथऱ्यावर उभं करून खांद्यावरून नेतात. चौथरा उचलणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि एक जण म्हणाला, "हिला न्यायला खेचरं आणा." नन बाईंनी तिला खाली उतरवलं आणि तिच्या हातात सुई दिली. दुसऱ्या एका मुलीचे पंख उसवले होते, ते तिने टाचून दिले. टाके इतके बारीक होते की पुढच्या वर्षीपासून गावातल्या सगळ्या देवदूतांचे पंख एदिल्मा शिवू लागली. स्वतः मात्र परत कधी चौथऱ्यावर चढली नाही.

लग्न झालं नाही. एक बस ड्रायव्हर मागणी घालायला आला होता, टोपी हातात घेऊन, अगदी सभ्यपणे. ताईंना वाटलं, पैज लावून आलाय. त्यांनी दार लावून घेतलं. तो खरंच आला होता हे त्यांना तो दुसऱ्या गावी संसाराला लागल्यावर कळलं.

एक मान मात्र त्यांचा होता आणि तो कोणी काढून घेऊ शकलं नाही. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चर्चमधल्या दुःखी मातेच्या, मारियेच्या, मूर्तीला वस्त्रं त्या नेसवतात, आणि त्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळच्या मिरवणुकीत मातेच्या मागे, हातात मेणबत्ती घेऊन, पहिल्या त्या चालतात. वस्त्रं बदलताना चर्चची दारं बंद होतात. बायका चादरींचा आडोसा धरून पाठ फिरवून उभ्या राहतात. पुरुष आत नसतातच, फादरसुद्धा अंगणात जाऊन सिगारेट ओढतात. मातेचं उघडं अंग पुरुषाने पाहायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

"आणि खरं सांगू का लिबार्दो," ताई मला एकदा म्हणाल्या होत्या, "आत अंग नाहीच. वर तो सुंदर चेहरा, पुढे दोन हात, आणि झग्याच्या आत तीन काठ्या. अंगच नाही तर लाज कसली? सुखी आहे बिचारी."

मग ती ब्राँझची बाई आली.

आमच्या गावच्या तारवाल्याचा मुलगा, लेओनिदास, तरुणपणी परदेशी गेला आणि मोठा शिल्पकार झाला. त्याच्या हातून निघतं ते सगळं गोल. पोपट घडवला तर डुकराएवढा, घोडा घडवला तर फुगून बसलेला. म्हातारपणी त्याला आई आठवली आणि तिच्या नावाने त्याने गावाला एक पुतळा दिला. क्रेन आली, बँड आला, महापौरांनी भाषण केलं, ताडपत्री ओढली. आत एक बाई. मांड्या चर्चच्या खांबांसारख्या, पोट, त्यावर पोट, दंड उशांसारखे, आणि वर एवढंसं डोकं, एवढंसं तोंड, केसांचा अंबाडा. एक हात कमरेवर. हनुवटी वर करून ती आमच्या छपरांच्या पलीकडे बघत होती, जसं काही आम्ही तिथे नव्हतोच.

आमच्या गावात इतकं उघडं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं. महापौरांचं तोंड लाल झालं, बँडवाल्यांना वाजवायचं का नाही ते कळेना. तेवढ्यात माझ्या दुकानाच्या पायरीवरून चेपे खाटिक ओरडला, "अरे, ही तर आपली एदिल्मा!"

चौक हसून फुटला. सगळ्यांची अडचण एका झटक्यात सुटली. एदिल्माताई तिथेच होत्या, बँडवाल्यांसाठी चीजच्या भज्यांची परात घेऊन. त्याही हसल्या. हसावंच लागलं. परात बाकावर ठेवून त्या घरी गेल्या आणि भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, एवढं काय शिवत होता? म्हणाल्या, "काही नाही. दोरा घातला नव्हता."

नाव चिकटलं. वाईट हेतूने नाही, आणि तेच जास्त वाईट. लोक म्हणू लागले, "पाच वाजता एदिल्माच्या पायाशी भेट." "एदिल्माच्या सावलीत गाडी लाव." नगरपालिकेचा झाडूवाला मोठ्याने सांगायचा, "आज एदिल्माला आंघोळ घातली, काय मळली होती!" लॉटरीचं तिकीट घेण्याआधी तिच्या पोटरीवरून हात फिरवायचा, अशी पद्धत कुणीतरी पाडली. वर्षभरात पोटरी सोन्यासारखी पिवळी झाली. ताईंची खिडकी चौकातच. सुई ओवताना त्यांच्या कानावर पडायचं, "थांब रे, आधी एदिल्माला हात लावून येतो."

त्यांनी खिडकीला जाड पडदा शिवला. बाजाराला मागच्या गल्लीने जाऊ लागल्या. पहिल्या वर्षी शुक्रवारची मिरवणूक पुतळ्याजवळून गेली, तेव्हा माता पुढे, ताई मागे, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांची नजर एकदा ब्राँझवर, एकदा ताईंवर. कोणी शब्द काढला नाही. शुक्रवारी कोणी बोलत नाही. पण ताईंनी मेणबत्ती तोंडासमोर इतकी वर धरली होती की मेण सगळं बाहीवर सांडलं.

दुसऱ्या वर्षी, पवित्र आठवड्याला अजून अवकाश असताना, त्या माझ्या दुकानात आल्या. न्हाव्याच्या दुकानात आमच्याकडे बाई येत नाही. आल्या त्याही फादर एलिएसेर खुर्चीत, तोंडभर साबण, अशा वेळी.

"फादर," दारातूनच म्हणाल्या, "यंदा मी मातेच्या मागे चालणार नाही."

फादर उठायला लागले, मी त्यांना दाबून बसवलं. वस्तरा गळ्यावर होता.

"एदिल्माबाई, असं काय करता? तुमच्याशिवाय मातेला..."

"कपडे नेसवीन. दार बंद असतं. चालणार नाही." त्या जमिनीकडे बघत होत्या. "नाहीतर तिला झाका."

"कुणाला?"

ताईंनी चौकाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. नुसती मान वळवली. "या दिवसांत चर्चमधल्या सगळ्या मूर्ती आपण जांभळ्या कापडाने झाकतो की नाही? क्रुसापासून संत अंतोनिओपर्यंत? मग तीही मूर्तीच आहे. झाका. ईस्टरला काढा. मला तेवढे दिवस द्या."

फादरांनी साबणातून माझ्याकडे पाहिलं. हसू दाबत होते, पण माणूस मनाने चांगला. "महापौरांना विचारतो," म्हणाले. "पण एवढं कापड आणायचं कुठून?"

"ते माझ्याकडे लागलं," ताई म्हणाल्या.

चर्चमधल्या मारियासंघाच्या बायकांनी जुन्या चादरी दिल्या. ताईंनी त्या वडिलांच्या गुळाच्या काहिलीत उकळून जांभळ्या रंगवल्या. गल्लीतल्या गटाराला आठवडाभर बिशपच्या झग्यासारखा रंग होता. राहिलं माप. पुतळ्यावर शिडी लावून टेप धरायला कोण जाणार? पुरुषाला त्या सांगेनात. चौकाच्या देखत स्वतः तर नाहीच. एका दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, जपमाळेचा मणी पडल्यासारखं करून त्या पुतळ्याच्या पायाशी वाकल्या आणि तिच्या घोट्याला टेप लावून आल्या. घरी येऊन स्वतःचा घोटा मोजला. पुतळ्याचा बरोबर चौपट भरला. मग कपाटातून त्यांनी स्वतःच्या रविवारच्या झग्याचा कागदी नमुना काढला आणि सगळं चौपट करून कापलं.

एक ढगळ पिशवी शिवली असती तरी काम झालं असतं. झाकायचंच होतं, मिरवायचं थोडंच होतं! पण ताईंच्या हाताला पिशवी शिवता येत नाही. छातीखाली चिमटे घातले, खांद्याला उतार दिला, कमरेला कळ्या, पाठीला बंद. आणि डोक्यावरून पदर, मातेच्या असतो तसा, तोंड झाकणारा.

बुधवारी नगरपालिकेची माणसं शिडी घेऊन आली. चादरींचा तो डोंगर वर चढवला, बंद बांधले, खाली ओढला. मी दारात उभा होतो, चेपे खाटिक माझ्या शेजारी. ताई पडद्याआडून बघत असणार.

झगा बसला. नुसता बसला नाही, असा बसला की मेदेयीन शहरातल्या मोठ्या शिंप्याने मान खाली घालावी. खांदा खांद्यावर, चिमटा चिमट्याच्या जागी, कमरेला ना चुणी ना ताण. उघडी होती तेव्हा ती परकी होती, ब्राँझ होती, कुठल्यातरी शिल्पकाराचं खूळ होती. आता चौकात एदिल्माताई उभ्या होत्या, रविवारच्या झग्यात, डोक्यावरून पदर घेऊन, चर्चच्या दाराएवढ्या.

चेपेच्या तोंडातून मोठ्याने काही निघालंच नाही. हळूच म्हणाला, "आयला, मापसुद्धा तेच."

तेवढं पुरलं. हसू त्याच्यापासून सुटलं आणि चौकभर गेलं. कॉफीवाल्या बाईने थर्मास खाली ठेवून पोट धरलं. शिडीवरचा माणूस हसण्याने घसरता घसरता वाचला. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी मागच्या दाराने गेलो. ताई जमिनीवर बसल्या होत्या, खुर्ची आडवी. तोंड ओंजळीत.

"ताई, उठा. लोकांना काय, दोन दिवस हसतील."

"लोकांचं सोड रे," त्या ओंजळीतून म्हणाल्या. "मी केलं हे. त्यांनी नुसतं नाव ठेवलं होतं. मी माझ्याच हाताने माझी लाज चौपट केली आणि चौकात नेऊन उभी केली."

मी खुर्ची सरळ केली आणि आलो.

गुरुवारी त्या मागच्या गल्लीने चर्चमध्ये गेल्या, मातेला वस्त्रं नेसवली आणि तशाच परतल्या. शुक्रवारी आपण चालणार नाही, मेणबत्ती दुसऱ्या कुणाला द्या, असा फादरांना निरोप धाडला. गावाला वाटलं, संपला विषय.

पण शुक्रवारी सकाळपासून डोंगरावरची माणसं उतरू लागली. वरच्या वाड्यांतली ही मंडळी वर्षातून एकदाच येतात, खेचरांवरून, खांद्यावर लोकरीची घोंगडी, रुआना, टाकून. त्यांनी हा पुतळा झाकण्याआधी पाहिलाच नव्हता. गेल्या वर्षी पाऊस होता, ती मंडळी आलीच नव्हती. त्यांना काय दिसलं? पवित्र आठवडा, चौकाच्या मधोमध एक उंच मूर्ती, जांभळ्या कापडात, डोक्यावर पदर. या दिवसांत जांभळ्यात झाकलेलं म्हणजे आत संत असणार, हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांनी टोप्या काढल्या. क्रूस केला. एकीने गुडघे टेकले, मग दुसरीने. दहाच्या सुमाराला पुतळ्याच्या पायाशी मेणबत्त्यांची रांग लागली, आणि रानलिलीची फुलं.

गाव आता हसत नव्हतं. गावाला कळत नव्हतं हसावं का काय करावं. मी दुकान बंद करून पायरीवर बसलो होतो. शुक्रवारी आम्ही वस्तरा चालवत नाही.

एक म्हातारी ताईंच्या खिडकीशी गेली. काठीच्या टोकाने तिने पडदा बाजूला केला, आमच्या डोंगरी लोकांना आडपडदा माहीत नाही.

"अगं बाई, विस्तव आहे का? माझी मेणबत्ती वाऱ्याने विझली. आणि सांग मला, ही माता कुठली? मी गाईसाठी नवस बोलले, पण नाव न घेता बोलले. गाय दोन दिवस उठत नाहीये. माझ्याकडे एकच गाय आहे."

मग दार उघडलं. पुढचं दार. दीड-दोन वर्षांत मी ते उघडलेलं पाहिलं नव्हतं. ताई बाहेर आल्या, घरातल्या साध्या कपड्यात, गळ्यात टेप, हातात कात्री. चेहरा पांढराफटक. समोर गुडघे टेकलेल्या माणसांकडे त्यांनी पाहिलं आणि छातीवर क्रूस केला.

फादर चर्चच्या पायऱ्या उतरून धावत आले. त्यांनाही आत्ताच कळलं होतं. "एदिल्माबाई, राहू द्या. रविवारी काढू. लोक श्रद्धेने करतायत, देव समजून घेतो."

"फादर, ते माझ्या मापापुढे गुडघे टेकतायत," ताई म्हणाल्या. "लिबार्दो, चर्चची शिडी आण."

"मी चढतो ताई. दोन मिनिटांचं काम."

"नाही. पुरुषाने नाही उतरवायचे बाईचे कपडे." हे त्या सहज म्हणाल्या, मातेच्या बाबतीत वर्षानुवर्षं म्हणतात तसं. मग त्यांनाच ते ऐकू आलं आणि त्या गोंधळल्या.

मी शिडी आणली, लावली, दोन्ही हातांनी धरली. अख्खा चौक बघत होता, गावचे आणि डोंगरावरचे. ताईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि शिडी करकरली. मला ‘हिला न्यायला खेचरं आणा’ हा तो जुना विनोद आठवला. त्यांनाही आठवला असणार, कारण त्या थांबल्या. खाली बघून मला म्हणाल्या, "मोडेल का?"

"नाही मोडणार."

"सगळे बघतायत."

"हो ताई," मी म्हणालो. खोटं काय बोलायचं?

म्हातारी काठी टेकत पुढे आली. "का गं चढतेस? काय झालं?"

ताई तिच्याकडे वळल्या. शरमेने त्यांचे कान लाल झाले होते, पण बोलल्या स्पष्ट. "आई, ही माता नाही. संत नाही. आत पवित्र काही नाही. नुसती उघडी बाई आहे. मला तिची लाज वाटली म्हणून मी तिला झाकलं. तुम्ही फसलात ते माझ्यामुळे. मी तिला आता उघडी करणार."

म्हातारीने वर पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पुन्हा वर. तिलाही ते माप दिसलं, कुणालाही दिसलं असतं. मला वाटलं, आता ही हसणार, नाहीतर थुंकणार.

"बाई आहे?" ती म्हणाली. "मग हे मेले सगळे टकामका बघत काय उभे राहिलेत?"

तिने खांद्यावरची रुआना काढली आणि हात वर करून आडोसा धरला. तिच्या सोबतच्या बायकांना सांगावं लागलं नाही. एकेकीने घोंगडी काढली, पुतळ्याभोवती, शिडीभोवती गोल करून पाठ फिरवून उभ्या राहिल्या, मातेला नेसवताना राहतात तशा. मग मारियासंघाच्या आमच्या बायका आल्या, शाली घेऊन. कॉफीवाली बाई थर्मास टाकून आली. पुतळा त्या आडोशाच्या कितीतरी वर होता. घोंगड्या त्याच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हत्या.

"पुरुषांनो, पाठ फिरवा!" म्हातारी ओरडली.

आणि चौकातल्या पुरुषांनी पाठ फिरवली. डोंगरावरच्यांनी आधी, मग आमच्यांनी. महापौरांनी फिरवली. झाडूवाल्याने फिरवली. ज्या बाईला आम्ही दोन वर्षं उन्हापावसात उघडी पाहत होतो, जिची पोटरी आम्ही हात फिरवून पिवळी केली, तिच्याकडे. चेपे खाटिक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. फादर अंगणात निघून गेले, सिगारेट ओढायला. मला शिडी सोडता येईना, म्हणून मी डोळे मिटले.

शिडी करकरत राहिली. मग वरून कात्रीचा आवाज, बंद तुटल्याचा. मग कापडाने काहीतरी पुसल्यासारखा आवाज आला. ताईंनी मागाहून सांगितलं, कबुतरांनी तिचं तोंड घाण करून ठेवलं होतं, खालून ते कुणाला दिसलं नव्हतं. सगळ्यात शेवटी तो एवढा मोठा झगा खाली आला, माझ्या डोक्यावर, आणि मी त्या उबदार जांभळ्या अंधारात शिडी धरून उभा राहिलो. उकडत होतं, पण बाहेर यावंसं वाटेना. कुणाला तोंड दाखवणार?

"झालं," ताई म्हणाल्या, अगदी माझ्या कानाशी. खाली उतरल्या होत्या.

बायकांनी घोंगड्या खांद्यावर घेतल्या. म्हातारीची मेणबत्ती पुतळ्याच्या पायाशी जळत होती. फादरांनी मागाहून तिला सुचवलं, की ती उचलून चर्चमध्ये ठेव. ती म्हणाली, "लावलेली मेणबत्ती मी हलवत नाही. गाईचं आता तीच बघेल."

संध्याकाळी मिरवणूक निघाली. मातेच्या मागे पहिल्या एदिल्माताई, मेणबत्ती घेऊन, खाली मान घालून. त्यांची लाज गेली असं मी म्हणणार नाही. ती त्यांच्या चालण्यात होतीच, ती जाणारी नव्हे. पण मिरवणूक चौकात आली तेव्हा दोन्ही बाजूंच्या पुरुषांपैकी एकानेही मान वर केली नाही. ब्राँझकडे नाही, ताईंकडे नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि त्यांच्यामधून ताई आता एकट्याच पुढे बघत चालत गेल्या, कारण मातेचा झगा मागून नीट बसलाय का हे त्यांना बघायचं होतं.